एक ओळ, चौतीस मिनिटं

माझ्या सॉफ्टवेअरचा मास्टर पासवर्ड 'जिरावण' होता.

इंदूर न पाहिलेल्यांसाठी सांगतो. जिरावण म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. सकाळी राजवाड्याजवळ कुणाच्याही ठेल्यावर उभे राहा. पोहे वाफेवर गरम होत असतात, त्यावर शेव, कांदा, लिंबू, आणि सगळ्यात शेवटी चिमटीतून जिरावण. पोहे ज्याचे त्याचे, जिरावण सगळीकडे. 1999 साली रामबागेतल्या आमच्या डॉक्टरकाकांसाठी दवाखान्याचं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा या कल्पनेवर मी स्वतःच खूश होतो. प्रत्येक गिऱ्हाइकाचा पासवर्ड वेगळा आणि वरून माझं जिरावण.

कारण साधं होतं. लोक पासवर्ड विसरतात. रात्री दहाला फोन यायचा, "अरे, ते उघडत नाहीये." तेव्हा स्कूटर काढून जाण्यापेक्षा फोनवर सात इंग्रजी अक्षरं सांगणं सोपं. त्यात व्ही की डब्ल्यू यावर जरा घासाघीस व्हायची, पण काम व्हायचं. पुढच्या आठ-नऊ वर्षांत चाळीसेक गिऱ्हाइकं जमली. बहुतेक दवाखाने, दोन पॅथॉलॉजीवाले, एक भिशी चालवणाऱ्या बाई. सगळ्यांना वाटे, किती तत्पर माणूस आहे, एका फोनवर कुलूप उघडून देतो.

एकदा एका दंतवैद्यांकडे गेलो होतो. रिसेप्शनवरचा मुलगा नवीन होता, मला ओळखत नव्हता. मी कॉम्प्युटरसमोर बसल्यावर तो मदतीच्या सुरात म्हणाला, "भिया, पासवर्ड याद नहीं हो तो जिरावण डाल दो. सब जगह चलता है."

मला हसू आलं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली.

मग 2008 आलं. डॉक्टरकाकांच्या कॉम्प्युटरची डिस्क कुरकुर करायला लागली म्हणून तो जेल रोडवरच्या एका दुकानात गेला, नवी डिस्क बसून परत आला. जुनी कुठे गेली हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. तीनेक महिन्यांनी गणपतीत आमच्याकडच्या मंडळात एक आजोबा आरतीला उभे होते. पेटी उत्तम वाजवायचे. कुणीतरी पोरगं मागून म्हणालं, "आजोबा, आज मनाची गोळी घेतली का?" दोघंतिघं हसले. आजोबा उदासीवर गोळ्या घेत होते, हे डॉक्टरकाका सोडून कुणालाही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्या सुनेलाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर ते मंडळात आले नाहीत आणि दवाखान्यातही आले नाहीत.

काकांनी मला बोलावून घेतलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"कुलूप लावलं होतंस ना रे?"

"लावलं होतं, काका."

"किल्ली कुणाकुणाकडे होती?"

मी मनात मोजायला लागलो. मी, काका, काकू, आतापर्यंतचे तीन कंपाउंडर, तो दंतवैद्याकडचा मुलगा, त्यानं ज्यांना सांगितलं ते. मोजणं मध्येच सोडलं. काका उठले आणि मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर हात ठेवून उभे राहिले. 1999 पर्यंतचे केसपेपर त्यात होते. किल्ली काकूंच्या कनवटीला. "इतक्या वर्षांत ह्यातून एक चिठोरा बाहेर गेला नाही," ते म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून मी हे बंद केलं."

त्या रात्री मी आपलीच फाइल चोर उघडेल तशी उघडून पाहिली. म्हणजे माझा प्रोग्रॅम न वापरता, सरळ नोटपॅडमध्ये.

आधी अ‍ॅक्सेस 97 या मायक्रोसॉफ्टच्या माहिती साठवायच्या प्रोग्रॅमबद्दल दोन शब्द, कारण माझं सगळं दुकान त्यावर उभं होतं. त्याच्या फाइलीला पासवर्ड लावता यायचा. मी लावलाही होता. पण तो पासवर्ड फाइलीच्या सुरुवातीलाच लिहिलेला असे, एका ठरलेल्या आकड्यांच्या माळेशी एक्सॉर करून. एक्सॉर म्हणजे अशी क्रिया की तीच माळ दुसऱ्यांदा लावली की मूळ शब्द परत समोर. आणि ती माळ सगळ्या फाइलींना एकच. पासवर्ड काढून देणारे फुकटचे प्रोग्रॅम सर्रास मिळत. त्याहून वाईट म्हणजे आतला मजकूर पासवर्डनं बदलतच नसे. दाराला कुलूप, भिंती काचेच्या. माहीतगारांना हे सगळं माहीत होतं, छापूनही आलं होतं. मी वाचलं नव्हतं.

नोटपॅडमध्ये निम्मा पडदा चौकोनांनी आणि भलत्या चिन्हांनी भरला. त्या कचऱ्यात मध्ये मध्ये शब्द. औषधांची नावं तर स्वच्छ इंग्रजीत. पेशंटांची नावं मात्र दिसत नव्हती, आणि क्षणभर मला हायसं वाटलं. नावं आम्ही कृतीदेवमध्ये टाइप करायचो, कारण पावती हिंदीत निघायची. कृतीदेव हा काही खरा देवनागरी मजकूर नसतो. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. त्यामुळे 'कमला' असं टाइप केलेलं नाव नोटपॅडमध्ये डी-ई-वाय-के दिसतं. डी म्हणजे क, ई म्हणजे म, वाय म्हणजे ल, के म्हणजे काना. बघणाऱ्याला वाटेल, काहीतरी सांकेतिक आहे. पण इंदूरच्या कलेक्टर कचेरीबाहेर झाडाखाली बसणारा कुठलाही टायपिस्ट ते डी-ई-वाय-के बोटांच्या सवयीनं कमला म्हणून वाचेल. मी स्वतः दहा मिनिटांत वाचायला लागलो. पेटीवाल्या आजोबांचं नाव सापडलं, पुढे गोळीचं नाव, मिलिग्रॅम, तारीख.

चोराला जिरावणाचीही गरज पडली नव्हती.

माझ्या आजीचं माहेर अमरावतीकडचं, महानुभावांचं. ती सांगायची की त्यांच्या घरी एक पोथी होती, अक्षरं सगळी ओळखीची, पण वाचलं तर शब्दच लागत नसत. लहानपणी मला ती भुताची गोष्ट वाटायची. पुढे कळलं की ही सकळ लिपी. महानुभाव पंथानं चौदाव्या शतकात आपल्या पोथ्या भलत्या हातात पडून त्यांची विटंबना होऊ नये म्हणून अक्षरांची अदलाबदल करून लिहायला सुरुवात केली. ह्या अक्षराच्या जागी ते. बाहेरच्यांना त्या पोथ्या शतकानुशतकं बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे, वि. का. राजवाडे अशा अभ्यासकांनी त्याची कोडी उलगडली आणि मग एका पोथीची रीत कळल्यावर त्या लिपीतली दुसरी पोथी वाचायला अडचण राहिली नाही. आम्ही पोरं च-ची भाषा बोलायचो तेही तसंच. चकाय चरे, आणि आईला कळणार नाही अशी खात्री. आईनं तिच्या लहानपणी तीच भाषा बोललेली असायची.

कृतीदेव काय, सकळ लिपी काय, च-ची भाषा काय, सगळ्यांत गुपित असतं ते पद्धतीत. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषाशिक्षकानं 1883 साली लष्करी सांकेतिक लेखनाबद्दल लिहिताना याच्या उलट अट घातली होती. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. मी हे वाचलं तेव्हा माझं वय सदतीस होतं आणि चाळीस ठिकाणी माझं सॉफ्टवेअर चालू होतं.

मग शिकायला बसलो. दिवसा गिऱ्हाइकं, रात्री पुस्तकं.

पहिली गोष्ट कळली ती ही की पासवर्ड तपासण्यासाठी पासवर्ड जपून ठेवायची गरजच नसते. तो दळून पीठ करून ठेवायचा. पुन्हा कुणी पासवर्ड दिला की तोही दळायचा आणि पीठ पिठाशी ताडून बघायचं. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. पण दोघांचा पासवर्ड एकच असेल तर पीठही एकसारखंच पडतं, आणि चोरानं नेहमीच्या पासवर्डांचं पीठ आधीच दळून ठेवलेलं असलं तर त्याचं काम झालं. यावरचा उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या बेल लॅब्जमधल्या दोघांनी 1979 साली छापून ठेवला होता. प्रत्येकाच्या दळणात चिमूटभर वेगळं मीठ घालायचं. खरंच मीठ म्हणतात त्याला. त्यांचं मीठ 12 बिटांचं, म्हणजे 4096 प्रकारचं. शिवाय त्यांनी एकदा दळून न थांबता तेच दळण 25 वेळा जात्यात घातलं, मुद्दाम, उशीर व्हावा म्हणून.

हा उशीर मला फार आवडला. आम्ही प्रोग्रॅमर आयुष्यभर वेग वाढवायच्या मागे. आणि इथे कोणीतरी म्हणतंय की जाणूनबुजून हळू करा. घरच्या माणसाला दिवसातून दोनदा दार उघडायचंय, त्याला अर्धा सेकंद जड नाही. चोराला कोट्यवधी वेळा उघडून बघायचंय, त्याला तोच अर्धा सेकंद जन्मभर पुरतो. पासवर्डापासून किल्ली बनवायच्या, 2000 साली आलेल्या पीबीकेडीएफ2 नावाच्या पद्धतीत किमान 1,000 फेऱ्या सांगितल्या होत्या. यंत्रं इतकी वेगवान झाली की आता तिच्याच एका प्रकारासाठी 6,00,000 फेऱ्यांची शिफारस आहे.

पण दवाखान्यात नुसतं दार राखून भागत नाही, आतला मजकूरच बंद करावा लागतो, आणि तो परत उघडताही यायला हवा. पीठ करून चालणार नाही. त्यासाठी एईएस होतं. दोघा बेल्जियन संशोधकांनी बनवलेली ही पद्धत अमेरिकेनं 2001 मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली, त्यामागचं गणित सगळ्या जगाला उघडं आहे. केर्कहॉफ्सच्या अटीत बसणारं. मी आनंदानं एईएस लावलं आणि पहिल्याच फटक्यात चुकलो.

काय झालं ते सांगण्यासारखं आहे. 'आजार' हा रकाना बंद करून मी पडद्यावर बघत होतो. अगम्य आकडे-अक्षरांच्या ओळी, समाधान वाटावं अशा. मग लक्षात आलं की एक ओळ सारखी सारखी दिसतेय. अगदी तशीच, शंभरएक वेळा. ती मधुमेहाची होती. सगळ्यात साधी रीत वापरल्यामुळे तोच शब्द आत घातला की तीच ओळ बाहेर पडत होती. कोणता आजार ते कळत नव्हतं, पण एकच आजार कितीजणांना आहे ते मोजता येत होतं. इंदूरच्या मध्यमवर्गीय दवाखान्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा आजार कोणता, हे सांगायला काय डॉक्टर व्हायला लागतं? सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी खाणारं गाव आहे हे. त्या एकाच ओळीचा उलगडा झाला की ज्यांच्या नावापुढे ती ओळ आहे ते सगळे उघडे. मग प्रत्येक वेळी वेगळा यादृच्छिक आकडा आत मिसळायला शिकलो. त्यानंतर मधुमेहाच्या शंभर ओळी शंभर प्रकारच्या दिसायला लागल्या.

बाकीची भगदाडं बुजवायला वर्ष गेलं. छपाईसाठी तयार होणारी तात्पुरती फाइल, पेन ड्राइव्हवरचा बॅकअप, कुणीतरी काढून ठेवलेली एक्सेलची प्रत. आणि भिंतीवरचं कालनिर्णय, ज्याच्या दुधाच्या हिशेबाच्या चौकोनात पासवर्ड लिहिलेले असायचे. शेवटच्या भगदाडाला माझ्याकडे औषध नव्हतं.

नवी आवृत्ती 2009 मध्ये पहिल्यांदा काकांकडेच बसवली. मजकुराची एक किल्ली, जी कॉम्प्युटरनंच बनवलेली, कुणीही न पाहिलेली. ती किल्ली पुन्हा पासवर्डापासून बनलेल्या दुसऱ्या किल्लीत बंद. म्हणजे पासवर्ड बदलला तरी सगळी फाइल नव्यानं बंद करत बसायला नको. काकूंची किल्ली वेगळी, ती फक्त नाव, वेळ आणि फी एवढ्यालाच लागायची. केसपेपर काकांच्या किल्लीनंच उघडणार. हे काकूंनी स्वतः सुचवलं. "मला कशाला हवंय कुणाचं काय दुखतंय ते," त्या म्हणाल्या.

फेऱ्यांचा आकडा ठरवायला काकांनी मजा केली. एका हाताची दोन बोटं कॅबिनेटवर, दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर, नाडी बघतात तसे. मी आकडा वाढवत गेलो. अर्ध्या सेकंदाला ते म्हणाले, "पुरे. ह्याहून मंद झाली तर पेशंटला सलाईन लावावं लागेल."

आणि जिरावण काढून टाकलं. आता माझ्याकडे काहीही नव्हतं. त्याऐवजी एका कागदावर चोवीस अक्षरांची आणीबाणीची किल्ली छापून ती लिफाफ्यात बंद करून द्यायचो, लोखंडी कपाटात ठेवा म्हणून. काही गिऱ्हाइकांना हे अजिबात रुचलं नाही. "म्हणजे आम्ही विसरलो तर तुम्ही काहीच करणार नाही? मग पैसे कसले घेता?" सातजण सोडून गेले. एका डॉक्टरांच्या फाइलीची किल्ली मी विंडोजच्या लॉगिनशीच बांधून दिली होती, त्यांना लक्षात ठेवायला नको म्हणून. त्यांच्या मुलानं विंडोज नव्यानं टाकलं आणि किल्ली गेली. लिफाफा होता म्हणून वाचलो. काकांच्या घरची जुनी फाइल आणि तिच्या सगळ्या प्रती मी माझ्या हातानं पुसल्या, जुनी फ्लॉपीसुद्धा कात्रीनं कापली. पेटीवाले आजोबा तोवर मुलाकडे पुण्याला गेले होते.

काकांना मी एकच गोष्ट पढवली होती. पासवर्ड शब्द नको, अख्खी ओळ ठेवा. सहा अक्षरांचा शब्द असला तर शक्यता साधारण 30 कोटी 89 लाख. दर अर्ध्या सेकंदाला एक अशा चालीनं पाच वर्षं लागतील, पण चोर आपल्या चालीनं थोडाच चालणार आहे. भारी ग्राफिक्स कार्डं लावून तो तेच काम चहा पिता पिता संपवेल. ओळीला मात्र तसं संपवता येत नाही. काका म्हणाले, "ओळ आहे माझ्याकडे." विचारू नका कोणती. मी विचारलं नाही, आणि तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

काका 2023 मध्ये गेले.

दवाखाना त्याआधीच बंद झाला होता. गेल्या दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. त्यांना छातीत कफ झाला होता, भाचा मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी? काकू म्हणाल्या, आहे. 2012 च्या सुमाराला कसलीशी अँटिबायोटिक घेतली आणि रात्रीत ओठ, डोळे सुजून आले, श्वास लागला. काकांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, लिहून ठेवतोय, ही परत कधीच नाही. नाव काय? नाव काकूंना कधी विचारावंच लागलं नव्हतं. घरातच डॉक्टर. चिठ्ठी नाही, पावती नाही, गोळी टेबलाच्या खणातून आली होती.

"माझ्याच केसपेपरात आहे," काकू म्हणाल्या. "तू येऊन उघडून दे."

मी गेलो. तोच कॉम्प्युटर, वर क्रोशाचं झाकण. केसपेपरचं पान पासवर्ड मागत होतं. आणीबाणीच्या किल्लीचा लिफाफा कुठे आहे असं काकूंना विचारलं तर त्या एकदम गप्प झाल्या. प्रिंटरच्या खोक्यात इतर कागदांबरोबर ठेवला होता, आणि खोकं मागच्या वर्षी त्यांनी स्वतः भंगारवाल्याला दिलं होतं.

"नाही उघडत मला, काकू."

"अरे, तूच बनवलंयस ना हे?"

सोळा वर्षं मी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत आलो होतो की मीसुद्धा उघडू शकत नाही. काकूंसमोर ते वाक्य तोंडातून निघेना. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती मागायचा हक्क दिलाय, आपल्यामागे तो कुणी बजावायचा यासाठी नाव नोंदवायचीही तरतूद आहे, 2011 च्या नियमांत तर आरोग्याची माहिती आणि पासवर्ड दोन्ही एकाच संवेदनशील यादीत बसवलेत. हे सगळं मला पाठ आहे. फाइलीला त्यातलं काही ऐकू येत नाही. काकूंचा आजार काकूंपासून जपून ठेवण्याचं काम ती चोख करत होती, मी सांगितलं होतं तसं.

मी म्हटलं, फाइल घरी नेतो, माझं यंत्र वेगवान आहे. काकूंनी मान हलवली. "नाही. त्यात सगळ्यांचं आहे. ह्या खोलीतून बाहेर जायची नाही." कनवटीला आता किल्ली नव्हती, पण हात सवयीनं तिथे गेला. मग म्हटलं, लॅपटॉपच इथे आणतो. "दुसऱ्या मशीनवर चढवायचीच कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मी दिलं नाही.

म्हणून आता असं चाललंय. काकांना येणाऱ्या सगळ्या ओळी काकू आठवून एका वहीत लिहितात. आरतीतल्या, अभंगातल्या, शाळेतल्या कवितेतल्या, रेडिओवरच्या. पेशंटला रोज सांगायचे ते 'पाणी उकळून गार करून प्या' हेसुद्धा. एक ओळ ते नेहमी चुकीची म्हणायचे, ती बरोबर आणि चूक अशी दोन्ही लिहिलीय. जुनी कालनिर्णयं माळ्यावर बांधून ठेवलेली होती, ती आम्ही काढली. दुधाचे चौकोन तपासले. अर्धा लिटर, अर्धा लिटर, पाहुणे, एक लिटर, खाडा. काकांनी माझं ऐकलं होतं, पासवर्ड कुठेच लिहिला नव्हता.

ओळ सापडली तरी भानगड संपत नाही, कारण काका ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. 'आ' एक ए की दोन? 'व' व्ही की डब्ल्यू? शब्दांमध्ये जागा सोडायचे की नाही? मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, तो दिलेल्या ओळीची सगळी स्पेलिंगं एकामागून एक करून बघतो. ओळीत अशा बारा दुविधा असल्या तर 4096 स्पेलिंगं होतात. मॉरिस आणि थॉम्पसनच्या मिठाइतकीच, निव्वळ योगायोग. प्रत्येकाला काकांनी नाडी बघून ठरवलेला अर्धा सेकंद. एका ओळीला चौतीस मिनिटं. चौदा दुविधा असल्या की सव्वादोन तास. काकू सकाळी एक ओळ लावतात, संध्याकाळी एक. मला वाटलं होतं आठवड्याभरात थकतील. पडद्यावर स्पेलिंगं सरकत असतात आणि त्या समोर बसून वाचतात. कधी म्हणतात, "अगंबाई, असं लिहिलं तर वेगळाच अर्थ होतो."

वहीत परवापर्यंत एकसष्ट ओळी झाल्या होत्या. हॉस्पिटलच्या फाइलीवर सध्या लाल शाईनं लिहिलंय, अ‍ॅलर्जी आहे, औषध अज्ञात.

काल संध्याकाळी फोन आला. "एक आठवली रे. दवाखाना बंद करताना शटर ओढत म्हणायचे. पण त्यात ज्ञ आहे."

ज्ञ म्हणजे पंचाईत. मराठी घरातला माणूस डी-एन-वाय लिहील. काका हिंदी शाळेत शिकलेले, दिवसभर पेशंटांशी हिंदी बोलायचे, ते जी-वाय लिहितील. आणि पुस्तकी वळण असेल तर जे-एन. घरात ते 'द्न्य' म्हणायचे की 'ग्य', हे मी काकूंना विचारलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही.

"माझ्याशी बोलताना द्न्य," त्या म्हणाल्या. "भांडताना ग्य."

मी म्हटलं तिन्ही लावतो, पण तिप्पट वेळ लागेल, पावणेदोन तास तरी.

"लागू दे," काकू म्हणाल्या, "मी तोवर मटार सोलते."